परत पाठवलेली सुरमई

१२ जुलै १९९६

बाबुराव म्हणाला, केस उभी राहिली की जो तो तारखा विचारतो; आजपासून लिहून ठेव. बाबुराव आमच्याच चाळीतला. गिरणीत युनियनचं काम करायचा. संप कुणी रीतसर मागे घेतलेला नाही, त्यामुळे आपण गेली चौदा वर्षं संपावरच आहोत, असं तो सांगतो. मी साचेखात्यात, मागावर होतो. संपात दोन वर्षं घरी बसलो आणि मग डॉक्टर आजगावकरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो.

ही डायरी औषध कंपनीने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर जुलाबाच्या गोळ्यांची जाहिरात आहे. जे लिहायचं ते तिच्याखाली.

आज दवाखान्यात रजिस्टर टपाल आलं. डॉक्टर पेशंट तपासत होते, म्हणून सही मी केली. आत गिरगावातल्या एका वकिलाची नोटीस. वरळी कोळीवाड्याची सखुबाई वीस वर्षं आमची पेशंट आहे. लालबाग ते प्रभादेवी पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकायची. तिचं म्हणणं, ९ मार्चला दवाखान्यात कमरेखाली सुई घेतली आणि तेव्हापासून डावं पाऊल घोट्यातून वर उचलत नाही. पाटी घेऊन चालणं बंद. नुकसानभरपाई म्हणून दोन लाख द्यावेत, नाहीतर ग्राहक मंचात जाऊ. डॉक्टरसुद्धा आता ग्राहक कायद्यात आले आहेत, हे हिवाळ्यात पेपरात आलं होतं. मी तो पेपर पुड्या बांधायला वापरला.

डॉक्टरांनी नोटीस वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"लवू, नऊ मार्चला काय होतं रे?"

मी म्हणालो, बंगलोरची मॅच, पाकिस्तानशी.

डॉक्टर "हं" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

१४ जुलै

चाळीत बातमी माझ्या आधी पोचली. भजनाला बसलेल्यांनी टाळ बाजूला ठेवून निकाल देऊन टाकला. डॉक्टर देवमाणूस. संपात दीड वर्ष त्यांनी लालबागमध्ये कुणाकडून पैसे घेतले नाहीत. हे खरं आहे. माझ्या बायकोचा, लक्ष्मीचा, टायफॉइड त्यांनी फुकट बरा केला. तेव्हा बाई लोभी. तिच्या पुतण्याने, हरेश्वरने, तिला भरीला घातलं. हरेश्वर बारावी झालाय, म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायला जागा आहे.

बाबुरावला गिरणीतल्या अपघातांचा तक्ता अजून पाठ आहे. अंगठा गेला तर किती टक्के, तर्जनी गेली तर किती, हे त्याने सगळं म्हणून दाखवलं. पण पाय जागेवर असून काम करत नसेल, तर तक्त्यात त्याला जागा सापडेना. पाय गेलाच असता तर केस सोपी होती, असं सगळ्यांचं मत पडलं.

मला वाटतं, दुखणं वेगळं आहे. आम्हाला गिरणीने काही दिलं नाही. चौदा वर्षं वाट बघतोय. आणि ही बाई चार महिन्यांत वकील लावते.

तिचा पाय कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२० जुलै

आज बाजारात सखुबाई दिसली. पावसात होड्या बंद, म्हणून सुकट आणि सुके बोंबील घेऊन खोक्यावर बसली होती. मी वाट बदलणार होतो. तिने हाक मारली.

"लवू, तोंड कशाला लपवतोस? तुझ्यावर माझा काय राग नाय. त्या दिवशी डॉक्टरच्या डोक्यात मॅच होती. तू मारली असतीस सुई तर माझा पाय असता. तुझा हात हलका."

आणि कागदात मूठभर बोंबील बांधून दिले. मी घेतले.

आता लिहून टाकतो. नाहीतर हे बोंबील पचायचे नाहीत.

आमच्याकडे बायकांना सुई देण्याची एक रीत आहे. बाईने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कपडा हलवायचा नाही, सुई लुगड्यावरूनच घ्यायची. भिंतीवर कॅलेंडर आहे, ते बघायचं. मागे वळून बघायचं नाही. डॉक्टरांनी एकदोनदा विरोध करून बघितला. बायका म्हणाल्या, मग गोळ्याच द्या, आणि गोळ्यांनी कुणाला बरं वाटत नाही. कोळणीचं लुगडं तर कसून नेसलेलं. आत माणूस कुठे सुरू होतो याचा अंदाजच घ्यायचा.

९ मार्चला सखुबाईला ताप होता आणि कंबर धरली होती. डॉक्टरांनी तपासलं, सुई भरली, तिला भिंतीकडे उभं केलं. तेवढ्यात बाजूच्या फोटो स्टुडिओत आरडाओरडा झाला. तिथे टीव्ही आहे. डॉक्टरांनी सुई माझ्या हातात दिली, अंगठ्याने दाबायची खूण केली आणि बाजूच्या दाराने पळाले. मी मारली. ती ओरडली. त्याच क्षणी सगळं लालबाग ओरडलं. मला वाटलं, विकेट. ती वळली तेव्हा माझ्या हातात कापूस होता आणि डॉक्टर हसत दारातून आत येत होते.

हे तीन माणसांना माहीत असायला हवं. दोघांनाच आहे.

पान फाडणार होतो. मागच्या बाजूला १९ तारीख कोरी आहे, पण तरी नको.

५ ऑगस्ट

डॉक्टरांनी दादरचा वकील केलाय. बारीक आवाजाचा माणूस आहे, बोलताना समोरच्याच्या खिशाकडे बघतो. त्याने दवाखान्यात येऊन सगळं समजावलं. दोन मुद्दे आहेत.

पहिला, कायदा ग्राहकाचा आहे. फुकट उपचार घेणारा ग्राहक होत नाही. डॉक्टरांनी सखुबाईकडून कधी एक पैसा घेतलेला नाही. खरंच घेतलेला नाही. ती दर शनिवारी मासे पाठवायची. ते मी डॉक्टरांच्या दादरच्या घरी पोचवायचो आणि मुंडकी आमच्या घरी यायची. वकील म्हणाला, मासे प्रेमाने दिलेले, ती फी नव्हे.

दुसरा, सुई स्वतः डॉक्टरांनी, योग्य जागी, योग्य रीतीने दिली. शिकलेल्या माणसाच्या हातून नीट दिलेली सुईसुद्धा कधीकधी शिरेला लागते. त्याला हलगर्जीपणा म्हणत नाहीत.

मी विचारलं, मग मी कुठे होतो?

"तुम्ही कापूस धरला होता," वकील म्हणाला.

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "लवूला यात गोवायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे." बरं वाटलं. डॉक्टर माणूस म्हणून मोठे आहेत.

७ सप्टेंबर

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या समुद्रात गेल्या, बाजारात ताजं यायला लागलं. आज शनिवार. सखुबाईकडून अर्थातच काही आलं नाही. डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं, सुरमई आली का बाजारात. मी म्हणालो, आली. कुणाकडे आहे? मी नाव घेतलं नाही. दुपारी त्यांनी एका साध्या खोकल्याला क्षयाची तपासणी लिहून दिली.

२८ सप्टेंबर

बाबुरावकडे आता संध्याकाळी गर्दी असते. सखुबाईला लोभी म्हणणारेच येतात, पण एकेकटे. गंगाधरचा दात चुकीचा उपटला होता, १९७९ साली. कमलाबाईला चष्मा उलटा दिला होता. एकाचं अपेंडिक्स काढलं, ते नक्की काढलं की नुसतं उघडून शिवलं, असा त्याला संशय आहे. पुन्हा उघडून बघण्याचा खर्च डॉक्टरांवर टाकता येईल का? बाबुराव सगळ्यांचे अर्ज भरतो. हात युनियनच्या फॉर्मला सरावलेला, त्यामुळे प्रत्येकात लिहितो की इजा कामावर असताना झाली.

सखुबाई मात्र लोभीच. त्यात बदल नाही.

३० सप्टेंबर

आज प्रतिज्ञापत्रावर सही केली. मी, लवू, शपथेवर सांगतो की उपचार मोफत होते आणि सुई डॉक्टरांनी स्वतः दिली. मंचात उभं राहून तेच सांगायचं, असं ठरलं. सही करताना वकिलाने स्वतःचं पेन दिलं. घरून डॉक्टरांच्या मिसेसनी माझ्यासाठी डबा पाठवला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले, हे सगळं मिटलं की तुझा पगार बघू.

रात्री जेवताना लक्ष्मीने एकच विचारलं. ती देवगडची, फिरवून बोलणं तिला जमत नाही.

"सुई कोणी मारली?"

मी म्हणालो, कागदावर डॉक्टरांनी.

"मी कागदाचा नाय इचारूक," ती म्हणाली आणि भात वाढला.

१८ नोव्हेंबर

परवा तारीख. भीती कशाची हे मांडून बघितलं. खरं बोललो तर नोकरी जाईल. पंचेचाळिसाव्या वर्षी गिरण्या बंद असलेल्या गावात कंपाउंडरला दुसरी मिळत नाही. खोटं बोललो तर सखुबाईची केस जाईल. शिकलेल्या हाताने नीट मारलेली सुई, असंच मंच म्हणेल. तिला कधी कळणार नाही, आणि ती मला बोंबील देत राहील.

दुसऱ्याची जास्त भीती वाटते. पण पहिली आधी येते.

२० नोव्हेंबर

मंचाची खोली आमच्या दवाखान्याएवढीच. अध्यक्ष आणि दोन सभासद, त्यांतल्या एक बाई. पंखा मंचावर, आम्ही घामात. सखुबाई हरेश्वरचा खांदा धरून आली. केसात अबोलीची वेणी, कानात सोनं. डॉक्टरांचा वकील कुजबुजला, बघा, नुकसान झालेली बाई.

आधी फुकटचा मुद्दा. डॉक्टरांच्या वकिलाने सांगितलं की मासे ही भेट होती. शिवाय त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने जोडून दिलं की संध्याकाळी जे विकलं जायचं नाही, शिळं उरायचं, ते बाई आपुलकीने पाठवून द्यायची.

सखुबाई उठली.

"शिळं? माझी मासळी शिळी? तुझ्या बापानं खाल्ली होती काय रे?"

अध्यक्षांनी तिला बसवलं. मला पुढे बोलावलं. तिचा वकील विचारू लागला. मासे मी पोचवायचो का? हो. शिळे असायचे का?

डॉक्टरांवर शिळं खाण्याचा आळ आलेला मला आवडला नाही. मी सांगितलं, शिळं त्या घरात चालतच नाही. डॉक्टर स्वतः कल्ले उघडून लाली बघतात. बोटाने दाबून बघतात. मासळी जरा मऊ लागली तर तसंच मला परत पाठवायचे. दोन वर्षांपूर्वी एक सुरमई परत पाठवली होती. सखुबाईने मुकाट बदलून दिली आणि वर दोन बांगडे घातले.

सभासद बाईंनी मान वर केली. सखुबाईच्या वकिलाने माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

"म्हणजे माल पसंत नसेल तर डॉक्टर परत करत असत आणि बदलून घेत असत?"

मी म्हणालो, अर्थात. चोखंदळ माणूस आहे.

मंच हसला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मी त्यांची बाजू चांगली मांडली.

मग वकिलाने विचारलं, ९ मार्चला सुई कुणी दिली? मला उत्तर पाठ होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात सखुबाई जागेवरूनच बोलली. माझ्यावरचा ताण कमी करायला बोलली असावी.

"त्याला कशाला छळता? त्यानं मारली असती तर मी इथं आलेच नसते. वीस वर्षांत माझ्याशी खोटं न बोललेला एवढाच एक माणूस हाय त्या दवाखान्यात."

मी तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं.

"मीच मारली, मावशी."

अध्यक्ष म्हणाले, साक्षीदाराने मंचाकडे बघून बोलावं. मी मंचाकडे बघून पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी सोपं गेलं. मग सगळंच सांगितलं: भिंत, लुगडं, अंगठ्याची खूण, बाजूचं दार. प्रतिज्ञापत्राचं विचारलं, तेव्हा ते खोटं आहे हेही सांगितलं. अध्यक्षांनी ते वेगळं टिपून घेतलं. त्याचं पुढे काय होतं ते बाबुरावला विचारायला हवं. हरेश्वरने काकीचा हात दाबला. त्यांची केस भक्कम झाली होती. सखुबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती माझ्याकडे वळली नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळी दवाखान्याची किल्ली द्यायला गेलो. डॉक्टर माझ्या आधी येऊन बसले होते. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

मी किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले,

"सुई तू मारलीस, हे मी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःवर घेतलं. आणि तू एका मिनिटात..."

मी म्हणालो, चुकलं.

"सुईचं जाऊ दे रे. सुरमईचं कशाला सांगितलंस?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वकिलाने त्यांना नंतर समजावलं असणार. मला बाबुरावने समजावलं: माल परत करून बदलून घेतो तो गिऱ्हाईक. माशांचा व्यवहार असेल, तर सुईचाही व्यवहार. गंमत म्हणजे मी तो पुरावा डॉक्टरांचं कौतुक म्हणून दिला.

निघताना एका पेशंटने आत डोकावून विचारलं, डॉक्टर, सुई कोण देणार? डॉक्टर म्हणाले, मी. बाई म्हणाली, मग गोळ्या द्या.

२४ नोव्हेंबर

चाळीत आता मी लोभी. सखुबाईने मला भरपाईतले अर्धे देण्याचं कबूल केलंय, असं पाण्याच्या नळावर ठरलं. अर्धे म्हणजे किती, यावर मतभेद आहेत. बाबुराव माझ्या बाजूने आहे, पण हळू आवाजात. त्याने माझ्यासाठी एक अर्ज भरून आणला. त्यात नोकरी जाणं ही कामावर असताना झालेली इजा आहे. मी सही केली नाही.

लक्ष्मीने आज काही विचारलं नाही. माझ्या ताटात माशाची तळलेली तुकडी होती. कुठून आणली, हे मीही विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

हरेश्वर निरोप घेऊन आला. काकीने बोलावलंय. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो. तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात.

तिने शिव्या दिल्या नाहीत. कोयतीवर पापलेट धरून खवले काढत होती. मान वर न करता म्हणाली,

"काम गेलं?"

"गेलं."

"माझं पण. परवा सकाळी सहाला भाऊच्या धक्क्यावर ये. पाटी उचलायला."

मी विचारलं, मंचाचा निकाल लागेपर्यंत?

"मंचाचं डॉक्टर आणि मी बघू. हे तुझं नि माझं." तिने पापलेट उलटं केलं. "पैसे मिळतील. हरेश्वर म्हणतो, बरेच मिळतील. पैशाला पाटी उचलता येते काय?"

"किती दिवस यायचं?"

"पाय उचलेपर्यंत."

परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तो उचलणार नाही असं लेखी दिलंय. तिनेच ते मंचात दाखल केलंय.

२ डिसेंबर

गेलो. सखुबाई लिलावात दोन बायकांशी भांडून पाटी भरून उभी होती. सुरमई, बांगडे, वर बर्फ. मला चुंबळ दिली. चुंबळ कशी ठेवायची ते दाखवलं नाही. पाटी चढवायला हात लावला.

धक्क्यावरून बसने लालबागला आलो आणि तिची जुनी फेरी चालू केली. भारतमाता थेटरापासून आतल्या गल्ल्या, मग पुढे प्रभादेवी. ओळखीची दारं उघडली. बायकांनी तिच्याकडे बघितलं, मग पाटीखाली माझ्याकडे. एकीने विचारलं, हमाल ठेवलास गं? सखुबाई म्हणाली, हो, आणि बांगड्याचा भाव वाढवून सांगितला.

बर्फाचं पाणी चुंबळीतून मानेवर, तिथून शर्टात. साचेखात्यात उन्हाळ्यात असंच व्हायचं, पण ते पाणी गरम असायचं.

ती पुढे चालते. डावं पाऊल दर वेळी जमिनीवर थाप्पदिशी पडतं. फार हळू चालते. ओझं असलेल्याला भराभर चालायचं असतं, नाहीतर मान धरते. माझ्यापुढे जाऊ नकोस, असं तिने कुठे सांगितलेलं नाही. मी जात नाही.